जुने वाद्य स्वस्तात घेताना आधी त्याचा दोष ओळखा

प्रश्न थोडक्यात असा आहे. खर्चाची मर्यादा ठरलेली आहे आणि दोन वापरलेली वाद्ये घ्यायची आहेत, स्वतःसाठी अकूस्टिक गिटार आणि शाळेत शिकणाऱ्या मुलीसाठी क्लॅरिनेट. दोन जाहिराती मनात भरल्या आहेत. पहिलीतली गिटार नामांकित कंपनीची आहे, किंमत नव्या गिटारच्या जेमतेम एक तृतीयांश आहे आणि विकणाऱ्याने स्वतःच लिहिले आहे की तारा दांड्यापासून उंच झाल्यामुळे ती वाजवायला जड जाते. दुसऱ्या जाहिरातीत शंभर वर्षांपूर्वीचे, ‘दुर्मिळ’ आणि ‘आजोबांनी जपलेले’ लाकडी क्लॅरिनेट आहे आणि त्याची किंमत विद्यार्थ्यांसाठीच्या नव्या क्लॅरिनेटपेक्षा थोडीशीच कमी आहे. गिटारची भीती वाटते आणि क्लॅरिनेटचा मोह होतो, तर काय करावे, असे विचारले आहे.

वाद्यदुरुस्तीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि त्या अनुभवावरून सांगतो की या दोन जाहिरातींपैकी जिची भीती वाटते ती बहुधा पाहायला जाण्याजोगी आहे आणि जिचा मोह होतो ती बहुधा सोडून देण्याजोगी आहे. याचे कारण समजले की जुन्या वाद्यांचा बाजार कसा चालतो हेही समजते. वापरलेल्या वाद्याची किंमत बव्हंशी त्याच्या दिसण्यावर आणि विकणाऱ्याच्या समजुतीवर ठरते, पण त्याचे खरे मोल त्यात कोणता दोष आहे आणि तो काढायला किती खर्च येईल यावर ठरते. या दोहोंत जिथे अंतर पडते तिथे सौदा सापडतो. काही दोष दिसायला भयंकर असतात आणि अर्ध्या तासात निघतात. काही दोष डोळ्यांना दिसतही नाहीत आणि वाद्याच्या किमतीहून अधिक खर्च करायला लावतात. पहिल्या प्रकारचा दोष असलेले वाद्य शोधणे आणि दुसऱ्या प्रकारच्या दोषापासून दूर राहणे, एवढेच या व्यवहारातले कौशल्य आहे आणि ते शिकता येते.

वाद्य पाहायला निघण्यापूर्वी एक हिशेब कागदावर मांडून ठेवावा. त्याच मॉडेलचे चांगल्या स्थितीतले वाद्य प्रत्यक्षात कितीला विकले गेले ते आधी शोधावे. लोक कितीला विकू पाहतात याला फारसा अर्थ नसतो, कारण महिनोन्‌महिने न खपलेल्या जाहिरातींतले आकडेच आपल्याला जास्त दिसतात. त्या रकमेतून दुरुस्तीचा अंदाजी खर्च वजा करावा, वाहतुकीचा खर्च वजा करावा, नव्या तारा, पॅड (फुंकवाद्यांच्या चाव्यांखाली छिद्रे झाकणाऱ्या लहान गाद्या) किंवा खोक्यासारख्या लागणाऱ्याच वस्तूंचा खर्च वजा करावा आणि शेवटी जे आपल्याला दिसणार नाही त्यासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. उरलेला आकडा ही आपली कमाल मर्यादा होय. ती घरीच ठरवावी, कारण वाद्य हातात घेतल्यावर, विशेषतः त्याचा आवाज आवडला की, माणूस हिशेब विसरतो.

चांगले वाद्य स्वस्तात बहुधा अशा माणसाकडे मिळते ज्याला वाद्यापेक्षा जागा किंवा वेळ हवा आहे. शिकायला घेतलेले वाद्य वर्षभरात सोडून दिलेले विद्यार्थी, घर बदलणारी कुटुंबे, वरच्या दर्जाचे वाद्य घेतल्यामुळे आधीचे विकणारे वादक आणि भाड्याने दिलेली वाद्ये ठरावीक काळाने काढून टाकणारी दुकाने, हे चार स्रोत मला सर्वांत भरवशाचे वाटतात. त्यातही वादकाने विकलेले मधल्या दर्जाचे वाद्य मी सर्वांत आधी पाहतो, कारण त्याची निगा वेळोवेळी राखलेली असते आणि त्यातले दोष तो माणूस नेमके सांगू शकतो. शैक्षणिक वर्ष संपते तेव्हा विद्यार्थी-वाद्ये जास्त संख्येने विकायला येतात आणि वर्ष सुरू होताना त्यांचीच मागणी वाढते, म्हणून घाई नसेल तर वर्षअखेरीस शोधावे. जाहिराती शोधताना कंपनीचे नाव चुकीच्या स्पेलिंगने टाकूनही पाहावे आणि नुसते ‘जुनी गिटार’ असेही शोधावे, कारण ज्याला आपल्या वस्तूचे नाव नीट लिहिता येत नाही त्याची जाहिरात फार थोड्या लोकांना सापडते आणि तिथे स्पर्धा कमी असते.

आता गिटारकडे वळतो, कारण प्रश्न तिच्यापासून सुरू झाला आहे. तारा उंच होण्याची कारणे तीन-चार असतात आणि त्यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक असतो. अकूस्टिक गिटारच्या हलक्या जाडीच्या सहा स्टील तारांचा एकत्रित ताण सुमारे 70 किलो असतो आणि तो ताण वर्षानुवर्षे नेकला, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याला, पुढे ओढत असतो. नेक त्यामुळे धनुष्यासारखी किंचित वाकली असेल तर तिच्या आत बसवलेली ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई थोडी घट्ट करून ती सरळ करता येते. हे काम काही मिनिटांचे आहे. हवेतल्या ओलाव्यामुळे गिटारचे टॉप, म्हणजे बॉडीची पुढची फळी, फुगले असेल तर तेही कोरड्या जागी ठेवून पुष्कळदा मूळ जागेवर येते. बॉडीवर तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तारांना आधार देणारी हाडाची किंवा प्लास्टिकची पट्टी, मुळातच उंच असेल तर ते घासून कमी करता येते आणि हेही स्वस्त काम आहे. परंतु नेक जिथे बॉडीला जोडलेली असते तो सांधाच पुढे झुकला असेल, तर नेक वाफेने किंवा उष्णतेने सुटी करून तिचा कोन बदलावा लागतो. हे मोठे आणि महागडे काम आहे आणि बऱ्याच साध्या गिटारींच्या बाबतीत त्याचा खर्च गिटारच्या किमतीच्या पुढे जातो.

हे चारही प्रकार जाहिरातीत ‘तारा उंच आहेत’ एवढ्याच शब्दांत येतात. म्हणून गिटार हातात घेतल्यावर त्यांतला नेमका कोणता ते शोधायचे असते आणि त्यासाठी स्टीलची एक लांब पट्टी पुरते. प्रथम सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एका हाताने आणि नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबावी. तार आता स्वतःच सरळ पट्टीचे काम करते. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात 0.2 ते 0.3 मिलिमीटर, म्हणजे जाडसर कागदाएवढी फट असणे योग्य आहे. तिथे एक मिलिमीटरच्या आसपास फट दिसली तर नेक वाकलेली आहे आणि उपाय बहुधा ट्रस रॉडमध्ये आहे. त्यानंतर पट्टी फ्रेटवर उभ्या कडेने ठेवून ब्रिजकडे सरकवावी. पट्टीचे टोक ब्रिजच्या लाकडी माथ्यावर अलगद टेकले तर नेकचा कोन ठीक आहे. ते माथ्याच्या खाली, ब्रिजच्या उभ्या बाजूला आपटले तर कोन बिघडला आहे आणि मग किंमत कितीही कमी असो, ती गिटार दुसऱ्या कोणासाठी सोडावी. तिसरी खूण सॅडलची आहे. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची चार मिलिमीटर असूनही सॅडल घासून घासून ब्रिजच्या पातळीला आलेले दिसले, तर यापूर्वी कोणीतरी हाच दोष स्वस्तात झाकण्याचा प्रयत्न केला आहे आणि आता कमी करायला काही उरलेले नाही. सॅडल तीनेक मिलिमीटर वर दिसत असेल तर वाव शिल्लक आहे. चांगल्या बेताने जुळवलेल्या स्टील तारांच्या अकूस्टिकमध्ये बाराव्या फ्रेटवर जाड तार साधारण 2.5 आणि बारीक तार 2 मिलिमीटर उंच असते, हे माप मनात ठेवून तुलना करावी.

ट्रस रॉडविषयी एक सावधगिरी सांगायला हवी. रॉडचा नट आधीच पूर्ण आवळलेला असेल आणि तरीही नेक वाकलेली असेल, तर रॉड निकामी झाली आहे असे समजावे. विकणाऱ्याच्या परवानगीशिवाय तिला हात लावू नये आणि परवानगी मिळाली तरी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारीत बहुधा ट्रस रॉड नसतेच आणि मार्टिन कंपनीच्या गिटारीतही हाताने जुळवता येणारी रॉड 1985 मध्ये आली, त्यामुळे त्याआधीच्या मार्टिनची वाकलेली नेक हा स्वस्तात निघणारा दोष राहत नाही.

बाकी गिटार पाहायला दहा मिनिटे लागतात. ब्रिजच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून पाहावा. तो आत शिरला तर ब्रिज सुटू लागला आहे. ब्रिज पुन्हा चिकटवता येतो आणि हे मध्यम खर्चाचे काम आहे, म्हणून तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्यावी. पहिल्या पाच फ्रेटवर बारीक तारांखाली खाचा पडल्या असतील तर त्या उथळ आहेत की खोल ते बोटाने चाचपावे. उथळ खाचा घासून सपाट करता येतात, खोल असतील तर फ्रेट बदलावे लागतात आणि तो खर्च बराच मोठा असतो. वॉर्निशवरच्या बारीक रेषांना घाबरू नये, पण नखाला लागणारी आणि दाबल्यावर हलणारी रेष म्हणजे लाकडाचीच भेग आहे. नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात त्या नटच्या मागे, जिथे खुंट्यांचा भाग म्हणजे हेडस्टॉक सुरू होतो तिथे, टॉर्चचा प्रकाश तिरपा पाडून केसाएवढी रेघ दिसते का ते काळजीपूर्वक पाहावे. मागे कललेला हेडस्टॉक पडल्यावर तिथेच मोडतो आणि गिब्सनच्या महोगनी नेकच्या बाबतीत तर हे सर्रास घडते. नीट चिकटवलेला असा मोड पुष्कळदा वर्षानुवर्षे टिकतो, म्हणून केवळ वाजवण्यासाठी गिटार हवी असेल तर हा मोड आपल्या फायद्याचाही ठरू शकतो, कारण बाजारात तिची किंमत खूप उतरते. फक्त तो मोड सांगितलेला असला पाहिजे आणि किंमत त्याप्रमाणे उतरलेली असली पाहिजे.

इलेक्ट्रिक गिटारींमध्ये सौदे अधिक सापडतात, कारण विजेचा दोष लोकांना गूढ वाटतो. एकदा माझ्यासमोर एक गिटार ‘पिकअप जळाले आहेत’, म्हणजे तारांचे कंपन टिपणारे भाग निकामी झाले आहेत, म्हणून जवळजवळ भंगाराच्या भावात विकली गेली. घेणाऱ्याने ती तशीच माझ्याकडे आणली. सॉकेटची चकती उघडली तेव्हा केबलच्या सॉकेटला जोडलेली एकच तार डागापासून सुटून लोंबकळत होती. ती पुन्हा डागली आणि दोन्ही पिकअप बोलू लागले. आवाजाची खुंटी फिरवताना होणारी खरखर, केबल हलवली की आवाज जाणे-येणे, निवडीचा स्विच एका बाजूला बंद असणे हे सगळे असेच स्वस्तात निघणारे दोष आहेत. जुन्या व्हॉल्व्ह-अँप्लिफायरला मात्र हा नियम लावू नये. त्याचे व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, बदलता येतात, परंतु आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही प्राणघातक विद्युतभार शिल्लक राहू शकतो, म्हणून तो जाणकारानेच उघडावा आणि त्याचा खर्च आधी विचारून घ्यावा.

नावाजलेल्या कंपनीची गिटार फार स्वस्त असेल तर ती खरी आहे का, हा वेगळा प्रश्न पडतो. गिब्सनच्या 1977 पासून 2005 पर्यंतच्या बहुतेक गिटारींवर आठ अंकी क्रमांक असतो, त्यातला पहिला आणि पाचवा अंक मिळून वर्ष होते आणि मधले तीन अंक त्या वर्षातला दिवस दाखवतात. क्रमांक 91234567 असेल तर ती 1994 सालच्या 123 व्या दिवशी तयार झाली असा त्याचा अर्थ. मधला आकडा 412 असेल तर तो क्रमांक वर्षाच्या 366 दिवसांत बसतच नाही. काही खास मालिकांची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नये, पण हेडस्टॉकवरचे ट्रस रॉडचे झाकण दोनऐवजी तीन स्क्रूंनी बसवलेले असेल तर संशय पक्का होतो. मार्टिनने 1898 पासून आपल्या गिटारींना ओळीने क्रमांक दिले आहेत आणि क्रमांकावरून साल सांगणारे तक्ते सहज उपलब्ध आहेत. क्रमांक खरवडून काढलेला असेल तर ते वाद्य चोरीचे असण्याची शक्यता धरून तिथेच बोलणे थांबवावे.

व्हायोलिनच्या बाबतीत आतला कागद हा सर्वांत मोठा भुलावा आहे. एफ आकाराच्या छिद्रातून डोकावले की ‘अँटोनियस स्ट्रॅडिव्हेरियस’ हे नाव आणि सतराशे कितीतरी साल दिसते आणि घरात खजिना सापडल्याचा भास होतो. स्ट्रॅडिव्हारी 1737 मध्ये वारला आणि त्याची आज शिल्लक असलेली वाद्ये साडेसहाशेच्या आसपास धरली जातात. उलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जर्मनी, बोहेमिया आणि फ्रान्समधल्या कारखान्यांनी त्याच्या नावाचे कागद चिकटवून व्हायोलिनांचे ढीगच्या ढीग बाजारात पाठवले. ते कागद फसवण्यासाठीच लावले होते असे नाही, ‘या नमुन्यावर बनवलेले’ एवढाच बहुधा त्यांचा अर्थ होता. त्याच कागदावर जर्मनी हे देशाचे नावही इंग्रजीत छापलेले असेल तर ते वाद्य साधारणपणे 1890 नंतरचे, कारण अमेरिकेने त्या सुमारास आयात मालावर देशाचे नाव बंधनकारक केले. अशी व्हायोलिने वाईट नसतात, कित्येक तर शिकण्यासाठी उत्तम असतात, फक्त त्यांची किंमत कारखान्याच्या वाद्याची असावी. त्यांत भेगा पाहताना जागेला महत्त्व द्यावे. टॉपच्या कडेजवळची भेग चिकटवून निभावते. पण आत उभा असलेला साउंडपोस्ट नावाचा लाकडी दांडा जिथे पाठीच्या फळीला टेकतो तिथली भेग दुरुस्तीलाही अवघड असते आणि वाद्याचे मोलही फार उतरवते. गजाचे केस गेलेले असले तरी चालते, केस बदलणे हे नेहमीचे काम आहे. गजाचे टोक मोडून चिकटवलेले असेल तर मात्र त्या गजाची किंमत शून्य धरावी.

सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायच्या, वाद्यांकडे येताना मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या दुसऱ्या जाहिरातीचे उत्तर इथे आहे. आज सर्वत्र वापरला जाणारा 440 हर्ट्झचा मध्य-सप्तकातला ए हा स्वर 1939 च्या लंडन परिषदेत मान्य झाला. त्याआधी स्वराची उंची गावोगावी, बँडबँडमध्ये वेगळी होती आणि ब्रिटन-अमेरिकेतल्या पुष्कळ बँडमध्ये तो स्वर 452 ते 457 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे आजच्यापेक्षा जवळजवळ पाव स्वर चढा लावला जात असे. त्या काळात वाद्ये बनवणारे कित्येक कारखाने दोन्ही प्रकारची क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन बनवत आणि चढ्या स्वराच्या वाद्यावर ‘एच. पी.’ (हाय पिच), उतरत्या स्वराच्या वाद्यावर ‘एल. पी.’ (लो पिच) अशी रोमन अक्षरे कोरत. चढ्या स्वराचे क्लॅरिनेट आजच्या कोणत्याही पियानोशी, कोणत्याही वाद्यवृंदाशी जुळत नाही. नळीचे जोड थोडे बाहेर ओढून ते उतरवता येईल असे वाटते, पण तसे होत नाही, कारण जोड ओढल्याने नळी एकाच ठिकाणी लांबते आणि छिद्रांमधली अंतरे तीच राहतात. काही स्वर उतरतात, काही उतरत नाहीत आणि वाद्य स्वतःशीच बेसूर होते. या दोषावर दुरुस्ती नाही. वाद्य चकचकीत असेल, पेटीतले मखमल शाबूत असेल, चांदीच्या चाव्यांवर एक डाग नसेल, तरी ते शिकणाऱ्या मुलीच्या उपयोगाचे नाही.

स्वर ठीक असला तरी चाव्यांची रचना पाहावी लागते. आज शिकवली जाणारी बहुतेक क्लॅरिनेट बोम पद्धतीची असतात आणि त्यांवर सामान्यतः 17 चाव्या आणि छिद्रांभोवती 6 कड्या असतात. शंभर वर्षांपूर्वीची कित्येक क्लॅरिनेट अल्बर्ट नावाच्या जुन्या पद्धतीची असतात; त्यांवर चाव्या आणि कड्या कमी असतात आणि बोटे ठेवण्याची रीत वेगळी असते. शिक्षिका बोम पद्धतीने शिकवत असताना मुलीने अल्बर्ट पद्धतीचे वाद्य आणले तर दोघींचीही पंचाईत होते. म्हणून फोटोत कड्या मोजणे ही पहिली पायरी आहे आणि त्यासाठी विकणाऱ्याला भेटण्याचीही गरज नाही.

या दोन अडचणी नसतील तर मग लाकूड आणि पॅड तपासावेत. वरच्या नळीवर, विशेषतः छिद्रांच्या आणि बारीक चाव्यांच्या आसपास, उभ्या भेगा पाहाव्यात. हवा धरते का हे पाहण्यासाठी वरची नळी सुटी करून बोटांची छिद्रे नेहमीसारखी झाकावीत, खालचे तोंड तळव्याने बंद करावे आणि वरून हवा ओढून घ्यावी. आत निर्माण झालेली ओढ दोन-तीन सेकंद टिकली तर पॅड बरे आहेत, लगेच सुटली तर गळती आहे. बुचाच्या जोडांवरचे बूच झिजलेले असणे ही क्षुल्लक बाब आहे. सगळे पॅड बदलावे लागणे ही क्षुल्लक बाब नाही, सॅक्सोफोनच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण त्याला वीसहून अधिक मोठे चामडी पॅड असतात आणि ते एकेक करून जुळवावे लागतात. सॅक्सोफोनचा वरचा वळलेला भाग खाली दबलेला नाही ना, हे बाजूने पाहावे. ट्रम्पेटमध्ये वाल्व्ह (बोटाने दाबायचा खटका) न दाबता त्याची स्लाइड (सरकणारी नळी) झटकन ओढली की बुडबुडा फुटल्यासारखा ‘पॉप’ आवाज यायला हवा. तो आला तर वाल्व्ह घट्ट आहेत. अडकलेल्या स्लाइड दुरुस्ती करणारा बहुधा सोडवतो, पण तोंडाकडच्या नळीवर लालसर-गुलाबी ठिपके असतील तर पितळातले जस्त आतून खाल्ले गेले आहे आणि ती नळी बदलावी लागणार.

विद्यार्थ्यासाठी माझे स्पष्ट मत असे आहे की यामाहा किंवा बुफे क्रॅम्पॉनसारख्या माहितीतल्या कंपनीचे वापरलेले प्लास्टिक क्लॅरिनेट घ्यावे. ते तडकत नाही, त्याचे सुटे भाग मिळतात आणि मुलीने पुढे लाकडी वाद्य घेतले तर ते बऱ्यापैकी किमतीला पुन्हा विकता येते. कोणाचेच नाव नसलेले, अतिस्वस्त नवेकोरे वाद्य यापेक्षा महाग पडते, कारण त्याच्या चाव्यांचा धातू मऊ असतो, त्या वाकतात आणि सुटे भाग मिळत नसल्याने दुरुस्ती करणारे पुष्कळदा ते हातात घ्यायलाच नकार देतात.

इतर वाद्यांविषयी थोडक्यात सांगतो, फक्त पियानोवर जरा थांबतो. फुकट मिळणारा पियानो हा पुष्कळदा सर्वांत महागडा पियानो असतो. त्याच्या सुमारे 230 तारांचा मिळून ताण अठरा-वीस टनांच्या घरात असतो आणि तो ओतीव लोखंडाच्या चौकटीवर तोललेला असतो. त्या चौकटीला तडा असेल तर पियानो संपला. तारा गुंडाळलेल्या पिना ज्या लाकडी ठोकळ्यात बसवलेल्या असतात त्यातली पकड सैल झाली तर तो कितीही वेळा सुरात लावला तरी उतरत राहतो. हे ओळखण्याची सोपी खूण अशी की पूर्ण पियानो एकसारखा थोडा उतरला असेल तर ते केवळ दुर्लक्ष आहे, पण शेजारचे स्वर जागेवर असताना मधलेच काही स्वर वेडेवाकडे लागत असतील तर पिना सैल झाल्या आहेत. सर्व 88 पट्ट्या एकेक करून, हळू आणि जोरात, वाजवून पाहाव्यात आणि उचलून आणण्याचा व नव्या जागी स्थिरावल्यावर सुरात लावण्याचा खर्च किमतीत धरूनच निर्णय घ्यावा.

इलेक्ट्रॉनिक कीबोर्डच्या काही पट्ट्या वाजत नाहीत किंवा जोरातच वाजतात, असे लिहिलेले असेल तर पट्ट्यांखालच्या रबराच्या संपर्कपट्ट्या मळल्या असण्याची शक्यता मोठी असते आणि त्या साफ करता येतात. जुन्या सिंथेसायझरमध्ये, उदाहरणार्थ 1983 साली आलेल्या यामाहा डीएक्स 7 मध्ये, साठवलेले आवाज टिकवणारी बॅटरी आत डागलेली असते. ती संपली की आवाज पुसले जातात आणि विकणारा वाद्य बिघडले असे समजतो. हार्मोनियम पाहताना सर्व खटके बंद करून भाता भरावा आणि तो आपोआप किती वेगाने बसतो ते पाहावे; नंतर प्रत्येक सूर वेगवेगळ्या खटक्यांवर वाजवावा. भात्याचे चामडे बदलता येते, सूर लावता येतात, पण आतल्या बऱ्याच स्वरपट्ट्या तुटलेल्या किंवा घासून पातळ झालेल्या असतील तर ती पेटी सोडावी. ड्रमचे वरचे पडदे फाटलेले असणे ही नित्याची गोष्ट आहे. झांजांच्या कडेला तडा असेल तर मात्र त्या परत कधीच पूर्वीसारख्या होत नाहीत, तडा वाढतच जातो.

परदेशातून वाद्य मागवणार असाल तर लाकूड आणि हस्तिदंत यांची चौकशी आधी करावी. ब्राझिलियन रोजवूड 1992 पासून वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे आणि 2017 मध्ये रोजवूडच्या इतर जातींवरही निर्बंध आले. 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यांतून बरीच सूट मिळाली, पण ब्राझिलियन रोजवूडला नाही. जुन्या पियानोच्या पट्ट्यांवर किंवा गजाच्या टोकावर हस्तिदंत असेल तर कागदपत्रांशिवाय ते सीमेवर अडकते, मग सौदा कितीही चांगला असो.

पाहायला जाताना दिवसाउजेडी जावे आणि बरोबर टॉर्च, स्टीलची पट्टी, ट्यूनर, स्वतःची केबल आणि शक्य झाल्यास वाजवणारा एखादा मित्र न्यावा. वाद्य आधी शांतपणे पाहावे, मग वाजवावे. उलट क्रम ठेवला तर आवाज डोळ्यांवर पडदा टाकतो. किमतीची बोलणी करताना वाद्याची निंदा करू नये. विकणाऱ्याला त्याच्या वस्तूविषयी आपुलकी असते आणि निंदा ऐकून तो अडून बसतो. ‘ब्रिज मागून सुटतो आहे, हा पाहा कागद आत जातो, हे चिकटवायला अमुक खर्च येईल, तेवढे कमी केले तर मी आत्ता पैसे देऊन घेऊन जातो’ असे दाखवून सांगितले की बहुतेक माणसे ऐकतात, कारण दोष त्यांनाही दिसतो आणि गिऱ्हाईक दारात उभे असते. न पाहता आगाऊ रक्कम मागणाऱ्याकडून काहीही घेऊ नये.

तर तुमच्या दोन जाहिरातींबाबत आता एवढे करावे. गिटारच्या विक्रेत्याकडून तीन फोटो मागावेत: हेडस्टॉकच्या टोकाकडून नेकवरून ब्रिजकडे पाहत घेतलेला, सॅडल बाजूने दाखवणारा आणि नटच्या मागचा भाग जवळून दाखवणारा. सॅडल वर उठलेले दिसले आणि हेडस्टॉकवर रेघ नसेल तर पट्टी घेऊन प्रत्यक्ष जावे. पट्टी ब्रिजच्या माथ्यावर टेकली तर मागितलेल्या किमतीलाही ती घेण्यासारखी आहे, फार घासाघीस करून हातची घालवू नये. क्लॅरिनेटच्या विक्रेत्याला वाद्यावर कंपनीच्या नावाजवळ कोणती अक्षरे कोरली आहेत ते विचारावे आणि कड्या मोजता येतील असा सरळ फोटो मागावा. ‘एच. पी.’ असेल किंवा कड्या सहापेक्षा कमी असतील तर विषय संपला. अक्षरे नसतील तर ते सुरात लावलेल्या पियानोबरोबर किंवा ट्यूनरसमोर वाजवून दाखवायला सांगावे आणि तेही जमत नसेल तर तोच पैसा वापरलेल्या प्लास्टिक क्लॅरिनेटसाठी राखून ठेवावा. शाळा संपायला थोडेच महिने उरले असतील तर तेवढे थांबावे. तोपर्यंत मुलीला भाड्याचे वाद्य घेऊन द्यावे आणि भाड्याची रक्कम खरेदीत वळती करून देणारे दुकान मिळते का तेही विचारून पाहावे.